जादा साठवणीचे मोल

कोणतीही वस्तू अधिक प्रमाणात घेतली म्हणजे तिचा दर थोडा उतरतो, हा बाजारातील नित्याचा अनुभव आहे. किलोभर साखरेच्या मानाने साखरेचे पोते स्वस्त पडते. स्मार्टफोनमधील साठवण-क्षमतेच्या बाबतीत मात्र हा अनुभव येत नाही. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आणलेल्या आयफोन १५ चे उदाहरण घेऊ. त्याच्या १२८ गिगाबाइट क्षमतेच्या नमुन्याची किंमत ७९,९०० रुपये, २५६ गिगाबाइटच्या नमुन्याची ८९,९०० रुपये आणि ५१२ गिगाबाइटच्या नमुन्याची १,०९,९०० रुपये ठेवण्यात आली होती. पडदा, कॅमेरा, बॅटरी हे सर्व तिन्ही नमुन्यांत एकसारखेच होते. म्हणजे पहिल्या पायरीला १२८ गिगाबाइटसाठी १०,००० रुपये आणि दुसऱ्या पायरीला २५६ गिगाबाइटसाठी २०,००० रुपये मोजावे लागत. दोन्ही ठिकाणी दर गिगाबाइटला सुमारे ७८ रुपये पडत. त्याच सुमारास १२८ गिगाबाइटचे सुटे मेमरी कार्ड दुकानात साधारणतः हजार रुपयांच्या आसपास मिळत असे. म्हणजे गिगाबाइटला जेमतेम आठ रुपये. एवढी तफावत का असावी?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही साठवण होते कशी, ते पाहिले पाहिजे. फोनमध्ये माहिती साठविणाऱ्या चिपला ‘फ्लॅश मेमरी’ म्हणतात. जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ही कल्पना मांडली आणि आज फोनमध्ये वापरला जाणारा तिचा ‘नँड’ हा प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. सिलिकॉनच्या तुकड्यावर कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात, विद्युतरोधक थराच्या आड, काही इलेक्ट्रॉन अडकवून ठेवता येतात. वीजपुरवठा बंद झाला तरी ते तेथेच राहतात. त्यांच्या प्रमाणावरून त्या कप्प्यात काय लिहिले आहे ते ओळखता येते. प्रारंभी एका कप्प्यात एकच बिट साठवीत. पुढे आठ निरनिराळ्या पातळ्या ओळखून तीन बिट साठविणे शक्य झाले. २०१३ मध्ये सॅमसंगने कप्प्यांचे थर एकावर एक रचलेल्या चिपचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. थोड्या जागेत एकमजली घराऐवजी उंच इमारत बांधावी, तसाच हा प्रकार. मंदी-तेजीचे चढउतार येत राहिले, तरी दीर्घ काळाचा विचार केल्यास साठवणीचा उत्पादनखर्च सतत घटत आला आहे.

आता एक बोलकी तुलना पाहू. २००७ मध्ये पहिला आयफोन अमेरिकेत आला, तेव्हा ४ गिगाबाइटचा फोन ४९९ डॉलरला आणि ८ गिगाबाइटचा ५९९ डॉलरला होता. शंभर डॉलरमध्ये ४ गिगाबाइट जादा मिळत. २०२३ मध्ये त्याच देशात आयफोन १५ ची पहिली पायरी ७९९ वरून ८९९ डॉलरवर जात होती. या वेळी शंभर डॉलरमध्ये १२८ गिगाबाइट, म्हणजे बत्तीसपट साठवण मिळाली; परंतु पायरीची उंची शंभर डॉलरच राहिली. किंमत जर केवळ चिपच्या खर्चावरून ठरत असती, तर ती पायरी अशी एका जागी स्थिर राहिली नसती. ती ठरते ग्राहक किती देऊ शकेल यावरून.

हे तत्त्व नवे नाही. फ्रेंच अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ झ्यूल द्यूप्वी यांनी १८४९ मध्ये आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या, छप्पर नसलेल्या डब्यांविषयी एक मार्मिक विचार मांडला होता. छप्पर घालण्याचा खर्च फारसा नसतो. तरीही ते घातले जात नाही; कारण दुसऱ्या वर्गाचे भाडे देण्याची ऐपत असणाऱ्या प्रवाशाने तिसऱ्या वर्गात बसू नये, अशी कंपनीची इच्छा असते. गरिबाला त्रास देणे हा हेतू नसतो. पण त्रास होतो तो गरिबालाच. भारतीय रेल्वेने १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द केला, परंतु वर्गवारीमागील हा विचार अनेक व्यवसायांत कायम आहे. फोनच्या बाबतीत कमी साठवणीचा नमुना जाहिरातीतील आकर्षक किंमत दाखवितो आणि जादा साठवणीचा नमुना खरा नफा मिळवून देतो.

अर्थात, या वर्गवारीसाठी एक अट आवश्यक असते : ग्राहकाला स्वतःचे छप्पर आणता येऊ नये. फोनमधील मेमरीची चिप मुख्य पट्टीवर डाख देऊन पक्की बसविलेली असते. ती मागाहून बदलता येत नाही. आयफोनमध्ये कार्डाची खाच कधीच नव्हती. सॅमसंगनेही आपल्या उंची गॅलेक्सी एस मालिकेतून जानेवारी २०२१ मधील एस २१ पासून ती काढून टाकली. त्यामुळे पुढील चार-पाच वर्षांची गरज ग्राहकाला खरेदीच्या दिवशीच ओळखावी लागते. जागा अपुरी पडेल या भीतीपोटी तो वरची पायरी चढतो.

कंपन्यांची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. फोनमधील चिप कार्डापेक्षा पुष्कळच वेगवान असते आणि स्वस्त कार्डे कित्येकदा लवकर बिघडतात. संशोधनाचा आणि आज्ञावलींचा खर्च कोठून तरी भरून निघावाच लागतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून फोनवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. १०,००० रुपयांच्या पायरीतील सुमारे १,५२५ रुपये त्यातच जातात. शिवाय वरची पायरी घेणाऱ्यांकडून जादा पैसा मिळत असल्यामुळे खालच्या नमुन्याची किंमत कमी ठेवणे शक्य होते, असाही युक्तिवाद करता येतो. या सर्व गोष्टी जमेस धरल्या, तरी दसपटीच्या जवळपास जाणारी तफावत त्यांनी पुरती उलगडत नाही.

जेथे स्पर्धा तीव्र असते, तेथे ही पायरी आपोआप ठेंगणी होते. मार्च २०२१ मध्ये भारतात आलेल्या रेडमी नोट १० ची किंमत ६४ गिगाबाइटसाठी ११,९९९ रुपये आणि १२८ गिगाबाइटसाठी १३,९९९ रुपये होती. या २,००० रुपयांत साठवणीबरोबर कार्यकारी स्मृतीही दोन गिगाबाइटने वाढत होती आणि कार्डाची खाचही होती.

प्रश्न केवळ चैनीचा नाही. आपल्या देशात असंख्य कुटुंबांचा फोन हाच एकमेव संगणक असतो. मुलांचे धडे, पिकांची छायाचित्रे, दाखले, पावत्या आणि परगावच्या नातलगांचे चेहरे त्यातच असतात. सकाळच्या शुभेच्छाचित्रांनी फोन भरून जातात, ही तक्रार इतकी सार्वत्रिक होती, की डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने नको असलेल्या फाइली हुडकून काढणारे ‘फाइल्स गो’ हे ॲप आणले. दूरच्या संगणकावर छायाचित्रे ठेवण्याचा मार्ग आहे. पण गूगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. त्यानंतर मोफत मर्यादेपलीकडे दरमहा भाडे आले, आणि भाडे थांबले की जागाही जाते.

म्हणून फोन घेताना पडद्याच्या व कॅमेऱ्याच्या बरोबरीने दोन प्रश्न विचारावेत : यात कार्डाची खाच आहे काय, आणि पुढच्या पायरीवर दर गिगाबाइटला किती रुपये पडतात? जुन्या फोनमध्ये प्रत्यक्षात किती जागा व्यापली गेली आहे, हे पाहिले म्हणजे आपल्या गरजेचा अंदाज येतो. छायाचित्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवण्याची सवय लावल्यास पैसा वाचतो आणि फोन हरवला तरी आठवणी हरवत नाहीत. साध्या भागाकाराने ज्याला हे गणित उमगते, तो वरची पायरी चढला तरी भीतीने चढत नाही, गरजेने चढतो.