फोकस पकडला, मग फोटो का फसला?

पाऊस ओसरलाय. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात राणी पाकोळी, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, पाचेक फुटांवर येऊन बसतं. तुम्ही झूम 200 वर नेता, बटण अर्धं दाबता, 'पिप' वाजतं. क्लिक! घरी येऊन फोटो मोठा करता तर पंखांना धार नाही, आणि फुलपाखरूही 200 ला दिसायला हवं त्यापेक्षा लहान. हात हलला? असेलही. पण कधी कधी कारण लेन्सच्या पोटात असतं.

जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये रिंग फिरवली की बहुतेक वेळा आतल्या सगळ्या काचा एकत्र सरकायच्या. 1985 मध्ये मिनोल्टा 7000 आला आणि एसएलआरमध्ये ऑटोफोकसचं युग सुरू झालं. काच हलवायचं काम बोटांकडून छोट्याशा मोटरकडे गेलं. जड काचा झटपट हलवणं आणि नेमक्या जागी थांबवणं मोटरला कठीण. म्हणून सगळ्या नकोत, आतल्या मोजक्या हलक्या काचाच हलवू, असा तोडगा निघाला. तो आधीपासून होता. ऑटोफोकसने तो सर्रास केला.

पण या वेगाची किंमत असते. लेन्समधल्या काचा एकमेकींचे दोष सांभाळून घेतात. त्यांच्यातलं अंतर बदललं की हे गणित बिघडू शकतं आणि जवळचा फोटो मऊ पडतो. शिवाय फोकल लेंग्थही बदलते. निकॉनची 2009 मधली 70-200 एफ/2.8 व्हीआर 2 यासाठी प्रसिद्ध होती. 200 वर ठेवून अगदी जवळ फोकस केलं की फ्रेम साधारण 135 मिमीसारखी मिळायची! व्हिडिओत फोकस बदलताना फ्रेम आत-बाहेर होते, तेही अनेकदा यामुळे. त्याला 'ब्रीदिंग' म्हणतात. काही महागड्या लेन्समध्ये काचांचे दोन गट वेगवेगळ्या मोटरींवर हलवून हे गणित सावरतात.

मग ऑटोफोकस वाईट का? अजिबात नाही. ठाणे खाडीवर उडणारे फ्लेमिंगो टिपायचे तर वेग हवाच. फक्त आपल्याला काय हवंय ते आधी ठरवा.

सेकंडहँड लेन्ससाठी फोर्टच्या बोरा बाजारात जाताय? साठवलेला पॉकेटमनी देण्याआधी एवढं करा. हे पान सपाट भिंतीवर लावा, कॅमेरा अगदी समोर सरळ धरा. एक फोटो लेन्सच्या सर्वांत जवळच्या अंतरावरून, एक दहा फुटांवरून. चारही कोपरे तपासा. एकच बाजू धूसर असेल तर आतली काच तिरकी बसलेली असू शकते. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्येही फोटो काढा. तिथे शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून धूसर आला, तर काच ठीक आहे, फोकसचं सेटिंग चुकतंय.

आणि हो, पान आधी वाचून घ्या, मग भिंतीवर लावा!