सोन्याच्या पापुद्र्यावरचा उजेड

छातीत कळ आली म्हणून रात्री कुणाला दवाखान्यात नेलं, की ईसीजी लगेच निघतो. पण तो प्रत्येक वेळी सगळं सांगतोच असं नाही. मग रक्त घेतात. ‘ट्रोपोनिन पाठवलंय’ एवढं सांगून डॉक्टर आत जातात आणि घरची माणसं बाहेर बाकावर ताटकळत बसतात.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूच्या पेशी मरू लागल्या की ते रक्तात उतरतं. निरोगी माणसाच्या रक्तातही त्याचा अंश असतो. ट्रोपोनिन-टीच्या अतिसंवेदनशील चाचणीत लिटरमागे १४ नॅनोग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. तेवढ्याच रक्तद्रवात अल्ब्युमिन हे एकटं प्रथिन ३५ ते ५० ग्रॅम असतं, म्हणजे वजनाने जवळपास तीनशे कोटी पट. या गर्दीतून ट्रोपोनिन वेचून मोजायचं काम आज प्रकाशाच्या मदतीने होतं.

त्याची रुळलेली रीत म्हणजे रेणूला दिवा बांधणं. ट्रोपोनिनला नेमकी ओळखणारी एक अँटिबॉडी त्याला धरून ठेवते. दुसरी अँटिबॉडी प्रकाश देणारा रेणू घेऊन येते आणि त्यालाच बिलगते. बाकीचं सगळं धुऊन काढलं, की जेवढा उजेड तेवढं ट्रोपोनिन.

दिवा न बांधताही मोजता येतं. काचेच्या लोलकावर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या हजाराव्या हिश्शाइतका, सोन्याचा थर चढवतात. लोलकातून तिरपा सोडलेला किरण सोन्यावरून परत फिरतो. पण एका नेमक्या कोनात त्याची शक्ती सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांना झुलवण्यात खर्ची पडते आणि परतणारा किरण मंदावतो. तो कोन कोणता, हे सोन्याच्या पलीकडच्या अंगाला काय चिकटलं आहे त्यावर ठरतं. तिथे अँटिबॉडी बसवून ठेवायच्या आणि वरून नमुना वाहू द्यायचा. एका चौरस मिलिमीटरवर एक नॅनोग्रॅम प्रथिन बसलं, तर कोन साधारण ०.१ अंशाने सरकतो. रेणू येऊन बसताना आणि सुटून जाताना, दोन्ही वेळा यंत्राला दिसतो.

लोलकावरच्या धातूच्या थराची ही मांडणी १९६८ साली जर्मनीत झाली. स्वीडनमधल्या लिंशोपिंगच्या लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी १९८३ मध्ये याच तत्त्वावर प्रथिनांची जोडणी टिपून दाखवली. १९९० मध्ये उप्सालाहून ‘बियाकोर’ हे यंत्र बाजारात आलं. औषध आपल्या लक्ष्याला किती घट्ट धरतं, हे तपासायला संशोधक आजही अशी यंत्रं वापरतात.

मग ते रुग्णाच्या खाटेशेजारी का नाही? कारण प्रकाशाला वजन कळतं, ओळख कळत नाही. रक्तातलं कोणतंही प्रथिन सोन्यावर चिकटलं तरी कोन सरकणारच. म्हणून सोन्यावर आधी प्रथिनांना थारा न देणारा लेप देतात. शेजारी अँटिबॉडी नसलेली दुसरी वाट ठेवून तिथला आकडा वजा करतात. तापमानही बांधून ठेवावं लागतं. पाणी किंचित तापलं तरी प्रकाशाचं वळणं बदलतं आणि यंत्र फसतं. शिवाय ट्रोपोनिनचे रेणू लहान आणि मोजके. त्यांनी कोन इतका थोडा सरकतो, की पुष्कळदा सोन्याचे सूक्ष्म कण बांधून त्यांचं वजन वाढवावं लागतं.

या चिवट प्रयत्नांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ज्या गावातून नमुना शहरात पोचायलाच तास जातात, तिथे असं विश्वासाचं छोटं यंत्र एखाद्याचं हृदय वाचवू शकेल. म्हणूनच ‘एका थेंबात रोगनिदान’ अशी बातमी वाचली, की एक गोष्ट जरूर विचारावी: हा प्रयोग स्वच्छ मिठाच्या द्रावणात झाला, की खऱ्या माणसाच्या रक्तात? द्रावणात ट्रोपोनिन एकटं असतं. बाकावर बसलेल्या माणसांना उत्तर हवं असतं ते गर्दीतलं.