जुन्या वेताळातली काळी शाई

तलासरीच्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यात इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंक सापडला. कव्हर गायब, पण आतला वेताळ शाबूत! झरी गावातल्या घरी पोचेपर्यंतही धीर निघाला नाही.

मी व्यंगचित्रं काढतो, त्यामुळे गोष्टीआधी रेषा बघतो.

टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, ते १९९० पर्यंत चाललं. वेताळ म्हणजे ली फॉक यांचा १९३६ चा फँटम. चित्रकार विल्सन मॅकॉय यांचा वेताळ साध्या, सपाट रेषेचा. १९६१ पासून साय बॅरी आले आणि ब्रशच्या काळ्या सावल्या आल्या. चेहऱ्याची अर्धी बाजू सरळ काळी! मला बॅरी जास्त आवडतात.

भिंग घेऊन पान बघा. जंगलाचा हिरवा हिरव्या शाईचा नसतोच. पिवळ्या आणि निळ्या ठिपक्यांचा असतो. छपाईत एखादी प्लेट जराशी सरकली की रंग रेषेबाहेर सांडतो. मला तो सांडलेला रंग फार गोड वाटतो, माझ्या चित्रांत मुद्दाम तसा सांडतो.

इंद्रजालमधला आपल्याकडचा नायक बहादूर विसरू नका: कथा आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया. भगवा कुर्ता आणि जीन्स!

आमच्या तलासरीकडच्या वारली चित्रांत कॉमिक्ससारख्या एकामागून एक चौकटी नसतात. लग्न, नाच, शेती एकाच भिंतीवर. कॉमिक्स तीच गोष्ट चौकटींत तोडतं. दोन्ही शेजारी ठेवून बघायला मजा येते.

तुमच्याकडे जुने अंक आहेत? चित्रकार ओळखायचा असेल तर एखाद्या पानाचा फोटो टाका, मिळून शोधू.