शीतकक्षाचे नवे यंत्र किती क्षमतेचे घ्यावे?

गुडूची, कुटज, वासा, शतावरी, अश्वगंधा इत्यादी काही द्रव्ये नेहमी आर्द्रच वापरावीत, असा शार्ङ्गधरसंहितेचा निर्देश आहे. वैद्याच्या परसातील अडुळसा तोडून लगेच स्वरस काढला जात असे, तोवर साठवणीचा प्रश्न उद्भवत नव्हता. आज फार्मसीत एकाच वेळी अनेक पोती गुळवेल किंवा आवळा येतो आणि क्वाथाची कढई रिकामी होईपर्यंत तो सांभाळावा लागतो. त्यासाठी अनेक फार्मसींनी शीतकक्ष उभारले. त्यांतील कंप्रेसर जुना झाला की नव्या यंत्राच्या क्षमतेचा प्रश्न पुढे येतो. बहुधा मेकॅनिक जुन्या यंत्रावरील पट्टी वाचतो आणि 'थोडे मोठेच घेऊ' असे सुचवतो. हा सल्ला सुरक्षित वाटला तरी औषधी द्रव्याच्या दृष्टीने तो हितकारक नसतो. प्रस्तुत लेखात ही क्षमता स्वतः कशी काढावी, याचे विवेचन केले आहे.

आधी जुने यंत्र तपासावे

यंत्र थंड करीत नाही याचा अर्थ ते लहान आहे असा होत नाही. दाराचे गॅस्केट फाटलेले, पॅनेलच्या सांध्यांतून ओल शिरलेली, कंडेन्सरवर धुळीचा थर किंवा कॉइलवर बर्फ अशी कारणे असू शकतात. ही कारणे तशीच ठेवून मोठे यंत्र बसवल्यास दोष राहतो आणि वीजबिल वाढते. यंत्र चालू स्थितीत असल्यास मे महिन्यातील एका कडक दिवशी कंप्रेसर २४ तासांत प्रत्यक्ष किती तास चालतो, हे तासमोजणी मीटर लावून नोंदवावे. दुरुस्त स्थितीतील यंत्र त्या दिवशी आठ-नऊ तासच चालत असेल, तर ते मुळातच गरजेपेक्षा मोठे होते.

उष्णता कोठून येते?

शीतयंत्राचे कार्य थंडी निर्माण करणे हे नसून उष्णता बाहेर काढणे हे आहे. म्हणून दिवसभरात कक्षात किती उष्णता येते, एवढेच मोजावयाचे असते. हे मोजमाप वीजबिलातील युनिटमध्येच करता येते. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. मात्र उष्णतेचे हे आकडे म्हणजे विजेचा खप नव्हे. एक युनिट उष्णता बाहेर काढण्यास त्याहून कमी वीज लागते.

उदाहरणादाखल सांगलीतील ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच असा कक्ष घेऊ. आतील तापमान ५ अंश सेल्सिअस ठेवावयाचे आहे. उष्णता पाच वाटांनी येते.

१. भिंतींतून : छत व तळ धरून पृष्ठभाग ६६ चौरस मीटर. ८० मिलिमीटर जाडीच्या चांगल्या पफ पॅनेलमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, सुमारे ०.३ वॅट उष्णता आत येते. मे महिन्यात बाहेर ४० अंश असता दिवसाला १७ युनिट, तर आवळ्याच्या हंगामात बाहेर ३० अंश असता १२ युनिट.

२. मालातून : मे महिन्यात रोज १०० किलो ओली वनस्पती ३५ अंशांवर येते असे धरल्यास ३ युनिट. आवळ्याच्या हंगामात रोज ८०० किलो फळ २८ अंशांवर येत असल्यास १८ युनिट.

३. दारातून शिरणाऱ्या हवेतून : दोन्ही काळांत सुमारे १० युनिट. आवळ्याच्या वेळी हवा सौम्य असली तरी दार अधिक वेळा उघडते.

४. पंखे, दिवे व माणसे : ५ युनिट.

५. साठवलेल्या द्रव्याच्या श्वसनातून : २ युनिट. तोडलेली पाने व फळे सजीवच असतात आणि उष्णता देत राहतात.

बेरीज मे महिन्यात ३७ आणि आवळ्याच्या हंगामात ४७ युनिट होते. त्यात १० टक्के राखीव मिळवल्यास अनुक्रमे ४१ व ५२ युनिट. कॉइलवरील हिम वितळण्यासाठी व वीज खंडित होण्यासाठी सवड ठेवून यंत्र १६ तास चालेल असे धरावे. १६ने भागल्यावर मे महिन्यात अडीच किलोवॅट, तर आवळ्याच्या हंगामात सव्वातीन किलोवॅट क्षमता लागते. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट, म्हणजे एक टनाहून थोडे लहान यंत्र येथे पुरते.

या उदाहरणात निर्णायक ठरला तो मे महिन्यातील उन्हाळा नव्हे, तर आवळ्याच्या हंगामातील आवक होय. म्हणून दोन्ही काळांचा हिशेब स्वतंत्रपणे करावा आणि आपल्या आवकेच्या नोंदवहीतील खरे आकडे घ्यावेत.

स्थानभेद

जत-आटपाडी किंवा माण-खटाव या कोरड्या भागांत भिंतींतून येणारी उष्णता अधिक असते. महाबळेश्वर, पाटण या बाजूस उन्हाळा सौम्य असतो, म्हणून तेथे लहान यंत्र चालेल असे वाटते. परंतु पावसाळ्यातील २४ अंशांच्या दमट हवेत बाष्परूपाने जी उष्णता असते, ती मे महिन्यातील ४० अंशांच्या कोरड्या हवेतील उष्णतेहून कमी नसते. हे बाष्प कॉइलवर हिमरूपाने साचते. म्हणून त्या भागात दाराला पट्ट्यांचा पडदा व हिम वितळवण्याची चोख व्यवस्था अत्यावश्यक समजावी.

सांगली-तासगाव परिसरात बेदाण्याची शीतगृहे पुष्कळ आहेत आणि तेथील अनुभवी मेकॅनिकचे ठोकताळेही तयार असतात. परंतु बेदाणा सुकलेला असतो, त्याचे श्वसन नगण्य असते. अडुळशाच्या ताज्या पानांना तो ठोकताळा लावू नये.

मोठ्या यंत्राने काय बिघडते?

याच कक्षाला दोन टनांचे यंत्र लावले, तर ते काही मिनिटांत तापमान गाठून बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. वारंवार सुरू होण्याने मोटर झिजते. कॉइल जुनीच ठेवून कंप्रेसर मोठा घेतल्यास कॉइल अतिथंड होते, हवेतील ओलावा तिच्यावर गोठतो आणि पाने कोमेजतात. ज्या आर्द्रतेसाठी कक्ष उभारला, तीच हरपते. ओल्या वनस्पतींना ८५ ते ९० टक्के आर्द्रता हवी असल्यास कक्षाच्या व कॉइलच्या तापमानात ५ ते ६ अंशांहून अधिक फरक नसावा. त्यासाठी कॉइलचा पृष्ठभाग मोठा हवा. चूर्णे व गुटिका मात्र अशा दमट कक्षात ठेवू नयेत.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

• कॉइल उणे १ अंशावर व बाहेरची हवा ४२ अंशांवर असताना यंत्र किती किलोवॅट देते? केवळ अश्वशक्तीवर विसंबू नये. अश्वशक्ती म्हणजे टन नव्हे, आणि उन्हाळ्यात प्रत्येक यंत्राची क्षमता घटते. वरील उदाहरणात या स्थितीत किमान अडीच व ३० अंशांच्या हवेत सव्वातीन किलोवॅट मिळावयास हवे.

• वायू कोणता? आर-२२ वर चालणाऱ्या नव्या यंत्रांचे उत्पादन भारतात २०२५च्या आरंभापासून बंद झाले आहे. वायू बदलल्यास बहुधा तेल, व्हॉल्व्ह व कधी कॉइलही बदलावी लागते. त्याचा खर्च लेखी घ्यावा.

• बाहेरचे युनिट कोठे बसेल? त्याला मोकळी हवा व सावली हवी. कृष्णाकाठच्या फार्मसींनी २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या पुराच्या रेषेच्या वर ते बसवावे.

• एक मोठे यंत्र घ्यावे की दोन लहान? दोन लहान यंत्रांत एक बिघडले तरी द्रव्य काही काळ वाचते. हंगामाबाहेर एकच चालवता येते.

हा हिशेब एका कागदावर मावतो. तो करून मगच दरपत्रके मागवावीत आणि प्रत्येक विक्रेत्याकडून त्याचा स्वतःचा हिशेबही लेखी मागावा. जो विक्रेता कक्षाचे माप, रोजची आवक व दाराचा वापर विचारल्याविना यंत्राचा आकडा सांगतो, त्याचे दरपत्रक कितीही स्वस्त असले तरी बाजूला ठेवावे. नाडी न पाहता औषध लिहून देण्यासारखेच ते होय.