अर्धवट राहिलेली सुधारणा : लिनक्स संगणकातील पॅकेजांची दुरुस्ती

शाळेच्या संगणककक्षात किंवा ग्रंथालयात लिनक्सवर चालणाऱ्या एखाद्या संगणकाला नव्या आवृत्त्या पुरविण्याचे काम चालू असावे, पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत असाव्यात आणि नेमकी त्याच क्षणी वीज जावी, ही गोष्ट आपल्या देशात अपवादात्मक नाही. वीज परत येते. संगणक सुरूही होतो. परंतु कालपर्यंत चालणारी एखादी आज्ञावली आता उघडत नाही आणि नवे काही बसवू म्हटले तर यंत्र नकार देते. अवलंबने पुरी झालेली नाहीत, मोडलेली पॅकेजे आधी दुरुस्त करा, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पडद्यावर उमटतो.

अशा वेळी पुष्कळांचा समज होतो की, सर्व पुसून टाकून कार्यप्रणाली पुन्हा पहिल्यापासून बसविण्यावाचून गत्यंतर नाही. तसे करताना विद्यार्थ्यांचे लेखन, ग्रंथालयाची देवघेव-नोंद, वर्षभर जमविलेली माहिती गमावण्याचा धोका असतो. वस्तुतः बहुतेक वेळा इतक्या टोकाच्या उपायाची गरज नसते. काम कोठवर झाले आणि कोठे थांबले याची नोंद यंत्राने स्वतःच ठेवलेली असते. ती वाचता आली म्हणजे दुरुस्तीची वाटही बहुधा तिच्यातच सापडते.

पॅकेज आणि त्याचे अवलंबन

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सच्या गाभ्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. परंतु नुसत्या गाभ्याने संगणक उपयोगी पडत नाही. त्याच्या जोडीला लेखनाची, चित्रांची, मुद्रणाची, जाळ्याशी बोलण्याची अशा हजारो आज्ञावली लागतात. हे सर्व एकत्र करून, परस्परांशी जुळवून लोकांच्या हाती देणाऱ्या संचाला वितरण असे म्हणतात. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेले डेबियन हे अशा जुन्या वितरणांपैकी एक होय. २००४ साली निघालेले उबुंटू आणि आपल्याकडील सी-डॅक या संस्थेने तयार केलेले बॉस ही दोन्ही डेबियनच्याच पायावर उभी आहेत. पुढील विवेचन या कुळातील संगणकांना लागू आहे. इतर वितरणांत साधनांची नावे वेगळी असली, तरी तत्त्व तेच असते.

वितरणातील प्रत्येक वस्तू पॅकेजच्या रूपाने येते. पॅकेज म्हणजे फायलींचे बांधलेले गाठोडे आणि त्यावर लावलेली चिठ्ठी. चिठ्ठीत पॅकेजाचे नाव आणि आवृत्ती असते, त्याला चालण्यासाठी दुसरी कोणती पॅकेजे हवीत हे लिहिलेले असते आणि कोणाशी त्याचे पटत नाही हेही नमूद असते. यांपैकी ‘कोणती हवीत’ या भागाला अवलंबन म्हणतात. उदाहरणार्थ, चित्रे दाखविणारी आज्ञावली चित्राची फाईल उलगडण्याचे काम स्वतः करीत नाही. ते काम करणारे एक सामाईक पॅकेज असते आणि त्याचाच उपयोग इतर अनेक आज्ञावलीही करतात.

या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. तीच वस्तू शंभर ठिकाणी साठवावी लागत नाही, आणि तिच्यात एखादा दोष आढळला तर तो एका जागी सुधारला की सर्वांना त्याचा फायदा मिळतो. परंतु तोटाही याच गुणातून उद्भवतो. सामाईक पॅकेज अर्धवट राहिले, तर त्यावर विसंबलेली सर्व मंडळी एकदम अडचणीत येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. यावरून या जाळ्याच्या विस्ताराची कल्पना येईल.

दोन कारभारी

या कुळातील संगणकात पॅकेजांचा कारभार दोन साधनांकडे असतो. पहिल्याचे नाव डीपीकेजी. १९९४ पासून चालत आलेले हे साधन हाती दिलेले गाठोडे सोडते, त्यातील फायली जागच्या जागी ठेवते आणि काय केले याची नोंद करते. मात्र जे गाठोडे हाती नाही ते आणण्याचे काम त्याच्याकडे नाही. दुसऱ्याचे नाव आप्ट. १९९९ साली निघालेल्या डेबियन २.१ बरोबर ते सर्वांच्या हाती आले. जाळ्यावरील भांडारात कोणती पॅकेजे आहेत हे त्यास ठाऊक असते. कोणास कोणाची गरज आहे याचा हिशेब मांडून ते योग्य गाठोडी आणते आणि डीपीकेजीच्या स्वाधीन करते.

हा हिशेब दिसतो तितका सोपा नाही. दिलेली पॅकेजे एकत्र नांदू शकतील की नाही हे ठरविणे, हा संगणकशास्त्रातील अत्यंत अवघड मानल्या गेलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो. प्रत्यक्षात मात्र वितरणाचे कर्ते पॅकेजे निगुतीने जुळवून ठेवतात, म्हणून आप्टला उत्तर काही क्षणांत सापडते. ही जुळणी बिघडली म्हणजेच ते अडते.

दुकानदार जसा दिवसाची उलाढाल कीर्दीत आणि प्रत्येकाचे खाते खतावणीत लिहितो, तशाच दोन वह्या डीपीकेजी ठेवते. प्रत्येक हालचाल क्रमाने लिहिलेली कीर्द ‘व्हार’ या कप्प्यातील ‘लॉग’ या उपकप्प्यात असते. प्रत्येक पॅकेजाची सद्यःस्थिती सांगणारी खतावणी ‘स्टेटस’ या नावाच्या फाईलीत असते. खतावणीची पूर्वीची प्रतही यंत्र जपून ठेवते.

बिघाड नेमका कोठे होतो

नवी आवृत्ती तीन पायऱ्यांनी बसते. प्रथम गाठोडे भांडारातून उतरवून घेतले जाते. मग ते सोडून फायली जागेवर ठेवल्या जातात. शेवटी त्यांची जुळणी होते, म्हणजे त्या यंत्राच्या परिस्थितीस अनुरूप अशी मांडणी करून आज्ञावली कामास सिद्ध केली जाते. पहिल्या पायरीवर खंड पडला तर फारसे बिघडत नाही. अपुरे उतरलेले गाठोडे आप्ट पडताळणीत नाकारते. खरी अडचण दुसऱ्या व तिसऱ्या पायरीवर येते. एखादे पॅकेज सोडलेले आहे पण जुळलेले नाही, दुसरे नव्या आवृत्तीचे झाले आहे पण त्याचे सोबती जुनेच आहेत, अशी स्थिती उत्पन्न होते.

वीज जाणे हे याचे एक कारण झाले. तबकडीवरील जागा संपणे हे दुसरे. जुने गाभे साचून ‘बूट’ हा लहान कप्पा भरला म्हणजे असे हमखास घडते. तिसरे कारण बाहेरील भांडारांची भेसळ. एका वितरणासाठी जुळविलेल्या पॅकेजांत परक्या भांडारातील किंवा निराळ्या आवृत्तीची पॅकेजे मिसळली की चिठ्ठ्यांतील अटी एकमेकींशी झगडू लागतात.

कधी कधी दोष संगणकाचाही नसतो आणि त्याच्या मालकाचाही नसतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ अंशांच्या संख्येत मोजले जातात, आणि ही संख्या १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरी पडणार आहे. तिची जागा ६४ अंशांच्या संख्येला देण्यासाठी डेबियनने २०२४ साली शेकडो सामाईक पॅकेजांची नावे बदलून ती नव्याने बांधली. त्या काळात डेबियनच्या अस्थिर शाखेत अनेक पॅकेजे काही काळ एकत्र बसेनाशी झाली होती. अशा प्रसंगी भांडार स्थिर होईपर्यंत थांबणे हाच उपाय होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत हा बदल सुरळीतपणे सामावला गेला.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीत क्रमाला फार महत्त्व आहे. पुढील आज्ञांचे उच्चार येथे देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत लिहावयाच्या असून यंत्रात बदल करणाऱ्या आज्ञांपूर्वी अधिकाराचा ‘सुडो’ हा शब्द लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवणे. चित्रमय पडदा येत नसेल, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या कळा एकदम दाबल्या असता बहुधा अक्षरी पडदा मिळतो. तोही न मिळाल्यास संगणक सुरू होतानाच्या यादीतून पूर्वीचा गाभा निवडता येतो.

दुसरी गोष्ट, काम खरोखर थांबले आहे याची खात्री करणे. दोघांनी एकाच वेळी खतावणीत लिहू नये म्हणून यंत्र तिला कुलूप लावते. कुलूप दिसले म्हणजे पडद्याआड सुधारणेचे काम अद्याप चालू असण्याचा संभव असतो. कुलपाची फाईल पुसून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. परंतु काम चालू असता तसे करणे म्हणजे दोन हातांना एकाच पानावर लिहू देणे होय. अशा वेळी थांबावे.

तिसरी गोष्ट, जागा तपासणे. ‘डीएफ’ या आज्ञेने प्रत्येक कप्प्यात किती जागा उरली ते कळते. मुख्य कप्पा भरला असल्यास ‘आप्ट क्लीन’ ही आज्ञा उतरवून ठेवलेली जुनी गाठोडी काढून टाकते. त्यामुळे बसविलेल्या आज्ञावलींना धक्का लागत नाही.

चौथी पायरी अर्धवट कामे पुरी करण्याची. त्यासाठी ‘डीपीकेजी कॉन्फिगर ए’ ही आज्ञा द्यावी. ‘कॉन्फिगर’च्या आधी दोन आडव्या रेघा आणि ‘ए’च्या आधी एक रेघ लिहावी. सोडलेली पण न जुळलेली सर्व पॅकेजे खतावणीतून शोधून ती त्यांची जुळणी पुरी करते. केवळ वीज गेल्याने खंड पडला असेल, तर पुष्कळदा येथेच काम संपते.

पाचवी पायरी उणे असलेले आणण्याची. प्रथम ‘आप्ट अपडेट’ या आज्ञेने भांडाराची ताजी यादी घ्यावी. मग ‘आप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी. येथे ‘फिक्स’च्या आधी दोन रेघा असतात. आप्ट आता जाळ्यातील तुटलेले धागे शोधते आणि काय बसविणार व काय काढणार याची यादी दाखवून संमती विचारते. काढावयाच्या पॅकेजांची ही यादी संपूर्ण वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

एवढ्यानेही भागले नाही, तर बाहेरील भांडारांची भेसळ शोधावी. ‘आप्ट पॉलिसी’ या आज्ञेपुढे पॅकेजाचे नाव दिले असता त्याच्या कोणकोणत्या आवृत्त्या कोणत्या भांडारातून मिळतात ते कळते. ‘आप्ट-मार्क शोहोल्ड’ ही आज्ञा कोणी मुद्दाम रोखून धरलेली पॅकेजे दाखविते. परके भांडार बंद करून, रोखलेले पॅकेज मोकळे करून पाचवी पायरी पुन्हा करावी. शेवटी ‘डीपीकेजी ऑडिट’ ही आज्ञा द्यावी. ‘ऑडिट’आधीही दोन रेघा येतात. तिने काहीच उत्तर दिले नाही, तर अर्धवट राहिलेले पॅकेज उरले नाही असे समजावे आणि राहिलेली सुधारणा पुरी करून घ्यावी.

बळजबरीची किंमत

अवलंबनाकडे दुर्लक्ष करून पॅकेज बसविण्याची किंवा काढण्याची सोय डीपीकेजीत आहे. तिचा मोह होतो, कारण त्या क्षणी अडचण दूर झाल्यासारखी वाटते. परंतु तुटलेला धागा त्यामुळे जुळत नाही. तो तसाच राहतो आणि पुढच्या प्रत्येक सुधारणेच्या वेळी आप्ट पुन्हा तेथेच अडते.

होकार देताना यादी न वाचल्याचे परिणाम २०२१ साली जगाने पाहिले. पॉप ओएस या वितरणात स्टीम हे खेळांचे पॅकेज त्या वेळी सदोष होते. ते बसवावयाचे तर संगणकाचा चित्रमय पडदाच काढून टाकावा लागेल, असा आप्टचा हिशेब निघाला. हे घातक ठरू शकते असा इशारा आप्टने दिला आणि ‘होय, मी सांगतो तसेच कर’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य पूर्ण लिहून मागितले. एका प्रसिद्ध चित्रफीतकाराने ते लिहिले आणि त्याचा पडदा नाहीसा झाला. दोष पॅकेजात होता हे खरे. परंतु पडदा काढला जाणार ही गोष्ट वाक्य लिहिण्यापूर्वीच यादीत दिसत होती.

पूर्वतयारी

हा सारा खटाटोप टाळण्यासाठी थोडी दक्षता पुरे होते. सुधारणेपूर्वी फायलींची प्रत घ्यावी, जागा पाहावी आणि वीजसाठा करणारे उपकरण असल्यास संगणक त्यास जोडावा. लॅपटॉप असल्यास त्याची बॅटरी भरलेली असावी. एका कक्षात अनेक संगणक असतील, तर प्रथम एकावरच सुधारणा करून एक दिवस वाट पाहावी. बाहेरचे एखादे भांडार जोडले, तर कोणी, केव्हा व कशासाठी जोडले हे संगणकाशेजारच्या वहीत लिहून ठेवावे. यंत्र आपली कीर्द स्वतः लिहिते, परंतु एखादी गोष्ट कोणत्या हेतूने केली हे तिच्यात नसते. पुढे दुरुस्तीस बसणाऱ्याला या दोन्ही नोंदी लागतात.