उसाच्या पानातली दोन दालनं

हुपरीचं नाव चांदीच्या पैंजणांमुळे. पण गाव ओलांडलं की दोन्ही बाजूंना ऊसच. भर उन्हात या पानांत जे चालतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावणारं एन्झाइम म्हणजे रुबिस्को. ते फार संथ आहे; सेकंदाला जेमतेम तीन ते दहा रेणू. शिवाय चुकतंही. गहू-भातात दर चार-पाच वेळांत एकदा ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन धरतं. ती चूक निस्तरताना आधी कमावलेला कार्बनही थोडा हातचा जातो. ऊन वाढलं की चुका वाढतात.

उसाने यावर तोड काढली आहे. पानाच्या बाहेरच्या पेशींत पीईपी कार्बोक्झिलेज हे दुसरंच एन्झाइम असतं. ते कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात उचलतं, म्हणून ऑक्सिजनला फसत नाही. त्यातून चार कार्बनचं मॅलेट बनतं आणि शिरेभोवतीच्या आतल्या पेशींत जातं. तिथे ते फुटतं, कार्बन डायऑक्साइड दाटतो आणि त्या गर्दीत रुबिस्कोला चुकायला फारसा वावच उरत नाही. रुबिस्को जुनंच, फक्त त्याचं दालन बदललं! हॅच आणि स्लॅक यांनी ही वाट 1966 मध्ये उलगडली, तीही ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत.

मग रुबिस्को वगळूनच कार्बन पकडता येईल का? जर्मनीत मारबुर्गच्या टोबियास एर्ब यांच्या गटाने 2016 मध्ये नऊ जीवांतली सतरा एन्झाइमं जुळवून ‘सीईटीसीएच’ हे चक्र परीक्षानळीत फिरवून दाखवलं. काहींची रचना त्यांनी मुद्दाम बदलली होती. त्यातलं कार्बन पकडणारं एन्झाइम ऑक्सिजनला भुलत नाही. पण प्रत्येक पकडीला त्याला एनएडीपीएच हा सहघटक लागतो. तो इलेक्ट्रॉन देतो आणि रिकामा होतो. उसाच्या पानात तो उन्हावर पुन्हा भरतो, मॅलेट फुटतानाही भरतो. नळीत ही सोय नाही, आणि तो विकत घ्यायचा तर महाग.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम सहघटक घडवतात. एनएडीपीएचचं खरं काम एका लहानशा कड्याचं. बाकीचा मोठा भाग म्हणजे एन्झाइमला धरायची मूठ. ही मूठ छाटली की रेणू सुटसुटीत आणि स्वस्त होतो, पण एन्झाइमच्या खोबणीत नीट बसत नाही. नग बदलला की साचा बदलावा लागतो, हे हुपरीच्या कारागिराला सांगायला नको. इथे साचा म्हणजे एन्झाइमची खोबण: तिच्यातली अमिनो आम्लं एकेक बदलून पाहायची, चाळायची, पुन्हा बदलायची.

एर्ब यांच्या गटाने 2020 मध्ये दुसरी वाट धरली. पालकाच्या पानातले प्रकाश झेलणारे पडदे त्यांनी या चक्रासोबत सूक्ष्म थेंबांत घातले. उजेड पडताच थेंबातला एनएडीपीएच भरू लागला आणि चक्र फिरलं.