लकव्यानंतर दुबळ्या हातालाही काम द्या

आमच्या नात्यातले एक मामू धाराशिवमध्ये शिलाईकाम करायचे. लकव्यातून जीव वाचला, चालताही येऊ लागले, पण डावा हात मागे राहिला. भेटायला येणारे म्हणायचे, "अल्लाह का शुक्र, कामाचा हात तर वाचला." मशीनवर बसल्यावर मामूंना कळले की शिलाईला दोन्ही हात लागतात. एका हाताने कापड ताणायचे, दुसऱ्याने सुईखाली सरकवायचे.

शर्टाचे बटण, सलवारीचा नाडा, बरणीचे झाकण, वजूसाठी ओंजळ, ही सगळी दोन हातांचीच कामे. म्हणून "एक हात तर चांगला आहे ना" म्हणून भागत नाही.

मेंदूत काय होते?

डाव्या हाताचा ताबा मुख्यतः मेंदूच्या उजव्या बाजूकडे असतो, उजव्याचा डावीकडे. दोन्ही बाजू तंतूंच्या जाड पुलाने जोडलेल्या असतात. बटण लावताना त्या एकमेकींना सतत निरोप देतात, तेव्हा दोन्ही हातांची वेळ जुळते. रक्ताची गुठळी अडकली किंवा रक्तवाहिनी फुटली की एका बाजूच्या पेशी मरतात आणि हा मेळ बिघडतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण उरलेल्या पेशी नवीन जोडण्या करू शकतात. मेंदूचे काम दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये दिसते की सुरुवातीला दुबळा हात हलवताना मेंदूच्या दोन्ही बाजू राबतात. ज्यांची सुधारणा चांगली होते, त्यांच्यात बहुतेकदा हे काम हळूहळू पुन्हा इजा झालेल्या बाजूकडे सरकते. यासाठी सराव लागतो. रोज म्हटल्याशिवाय पाढे पाठ होत नाहीत, तसेच हे.

प्रेमाने होणारी चूक

आम्ही घरचेच चुकलो. बटण आम्ही लावायचो, पाणी आम्ही द्यायचो. बाकी सगळे उजव्या हाताने व्हायचे. डाव्याला कामच उरले नाही आणि मेंदूला त्याला विसरण्याची सवय लागली.

ही सवय मोडता येते. अमेरिकेतील एका अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. त्यात लकव्याला 3 ते 9 महिने झालेले 222 रुग्ण होते. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जाड मोजा घालून दुबळ्या हाताकडून कसून सराव करून घेतला. त्यांचा हात दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. मात्र या रुग्णांच्या मनगटात व बोटांत थोडी हालचाल शिल्लक होती. म्हणून असा उपाय फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा.

घरी काय करावे?

- दुबळ्या हाताला मदतनीस बनवा: ताट धरणे, लिहिताना कागद दाबणे.
- दोन्ही हातांची कामे द्या: रुमालाची घडी, शेंगा सोलणे, सैल झाकण उघडणे.
- थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा. वेळ लागला तरी हातातले काम काढून घेऊ नका.
- दुबळा हात धरून रुग्णाला ओढून उठवू नका, खांदा दुखावतो. गरम भांडी व सुरी लांब ठेवा.
- बीपी, शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

पहिले तास सर्वात मोलाचे

अचानक तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर घड्याळ बघून वेळ लिहा आणि 108 ला फोन करा. सीटी स्कॅननंतर, गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आपल्या तालुक्यांतून सोलापूर किंवा लातूर गाठायचे म्हटले तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. कबुतराचे रक्त चोळण्यात तो घालवू नका. दुआ जरूर करा, पण गाडीत बसून.

मामूंचा डावा हात आता कापड दाबून धरतो. बारीक काम अजून मुलगाच करतो. पण शर्टाचे बटण मामू स्वतः लावतात. वेळ लागतो, आम्ही थांबतो.